धनुष्याने शिकार आणि कमरेला पिस्तूल: ग्रिझ्लीच्या मुलखात जाण्याआधीचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सप्टेंबर लागला की मोंटाना, वायोमिंग आणि आयडाहोच्या डोंगरांत धनुष्याच्या शिकारीचा मोसम भरात येतो. अमेरिकेत राहणारे, आजवर फक्त मैदानात बाण मारलेले आणि आता पहिल्यांदाच एल्कच्या (सांबराहून मोठ्या हरणाच्या) मागे रानात जाणारे मराठी मित्र साधारण हेच प्रश्न विचारतात. कायद्याबद्दल इथे दिलंय ती फक्त दिशा आहे. निघण्याआधी त्या राज्याची चालू वर्षाची नियमपुस्तिका उघडून बघायचीच.

हातात धनुष्य आहे, मग पिस्तूल कशाला?

कारण धनुष्य हे स्वसंरक्षणाचं हत्यार नाही. बाण जनावराला रक्तस्रावाने मारतो. फुप्फुसात अचूक बसला तरी एल्क पुढे शंभर-दीडशे मीटर धावतो. अंगावर येणाऱ्या अस्वलाला बाण मारून थांबवता येत नाही आणि दुसरा बाण लावायला वेळही मिळत नाही.

दुसरं कारण धनुर्धाऱ्याच्या पद्धतीतच आहे. अस्वलांच्या मुलखात फिरताना बोलत जा, टाळ्या वाजवा, घोळक्याने फिरा, पहाटे आणि तिन्हीसांजेला झाडीत शिरू नका, असं तिथल्या पाट्या सांगतात. धनुर्धारी नेमकं उलटं करतो. अंधारात निघतो, वाऱ्याच्या विरुद्ध चालतो, अंगाचा वास मारतो, पानांच्या रंगाचे कपडे घालतो, आणि वर तोंडाने एल्कच्या मादीचा आवाज काढतो. ग्रिझ्लीच्या, म्हणजे तिथल्या तपकिरी अस्वलाच्या, कानाला ते जेवणाचं आमंत्रण वाटलं तर दोष कोणाचा? एल्क माजावर येण्याचा आणि अस्वलांनी हिवाळ्याच्या झोपेआधी दिवसरात्र खात सुटण्याचा काळही एकच. शरदात ग्रिझ्ली दिवसाला २०,००० कॅलरींपर्यंत खाऊ शकतं.

अमेरिकेच्या खालच्या ४८ राज्यांत (अलास्का आणि हवाई सोडून) ग्रिझ्लीला १९७५ पासून संघराज्याच्या कायद्याचं संरक्षण आहे. त्यामुळे यलोस्टोनच्या आजूबाजूचा पट्टा आणि ग्लेशियर पार्कच्या दक्षिणेचा पट्टा मिळून आज त्यांची संख्या दोन हजारांच्या आसपास पोचली आहे. वडिलांच्या पिढीतले शिकारी जिथे निर्धास्त फिरायचे, तिथे आता मातीत लांब नखांचे ठसे दिसतात.

मग स्प्रे की पिस्तूल?

स्प्रे म्हणजे अस्वलावर फवारायच्या मिरचीचा डबा. तो आधी. पिस्तूल हवं असेल तर स्प्रेच्या जोडीला, त्याच्या जागी कधीच नको. हे माझं मत आहे. शिकाऱ्यांच्या कोणत्याही शेकोटीपाशी ते मांडलं की वाद होतो, तरी मांडतो.

या वादात दोन अभ्यास हमखास निघतात. ब्रिगहॅम यंग विद्यापीठाचे टॉम स्मिथ, अस्वलांच्या हल्ल्यांचा आयुष्यभर अभ्यास केलेले कॅनडाचे स्टीफन हेरेरो आणि त्यांचे सहकारी यांनी अलास्कातल्या घटना गोळा केल्या. २००८ मध्ये स्प्रेच्या ८३ घटनांचा अभ्यास आला. तपकिरी अस्वलांच्या बाबतीत ९२ टक्के वेळा स्प्रेने अस्वलाचं नको असलेलं वागणं थांबलं, आणि स्प्रे बाळगणाऱ्यांपैकी ९८ टक्के लोकांना काहीही इजा झाली नाही. २०१२ मध्ये बंदुकांचा अभ्यास आला, घटना २६९. त्यात पिस्तूल-रिव्हॉल्व्हर ८४ टक्के वेळा आणि लांब बंदुका ७६ टक्के वेळा कामी आल्या. खरी गोम पुढे आहे: ज्यांनी बंदूक चालवली आणि ज्यांच्याकडे ती असून चालवली नाही, त्यांच्या जखमी होण्याच्या प्रमाणात फारसा फरक निघाला नाही.

म्हणून ९२ मोठा की ८४, असं गणित मात्र करू नका. स्प्रेच्या घटनांमध्ये कुतूहलाने जवळ आलेली अस्वलंही मोजली आहेत, तर बंदुकीच्या घटना मुळात जास्त बिकट प्रसंगांच्या आहेत. दोन्ही ढिगारे वेगवेगळे, त्यांची थेट तुलना होत नाही. मी स्प्रेच्या बाजूने झुकतो ते टक्केवारीमुळे नाही, माणसाच्या हातामुळे. ग्रिझ्ली तासाला ५५ किलोमीटरच्या वेगाने येतं, म्हणजे ३० मीटर अंतर दोन सेकंदांत. त्या दोन सेकंदांत थरथरत्या हाताने खालीवर होणाऱ्या डोक्यावर नेम धरायचा की समोर मिरचीचा ढग उभा करायचा? ढगाला नेम फारसा लागत नाही.

पिस्तुलाच्या बाजूचंही ऐका. जोराचा वारा तोंडावर असेल तर स्प्रे उलटा आपल्याच डोळ्यांत येतो. कडाक्याच्या थंडीत डब्यातला दाब कमी होतो. अस्वल अंगावर बसून मित्राला फाडत असेल, तर स्प्रेने दोघंही माखतात, पण तरीही तो मारायचाच. आणि डबा सहा-सात सेकंदांत रिकामा होतो. ही सगळी कारणं दोन्ही बाळगण्याची आहेत. फक्त पिस्तूल नेण्याचं त्यातलं एकही नाही.

स्प्रे घेताना काय बघायचं?

डब्यावर अस्वलांसाठीचा असं स्पष्ट लिहिलेलं असलं पाहिजे. माणसांपासून बचावासाठी पर्समध्ये ठेवतात तो छोटा स्प्रे इथे कुचकामी. किमान २२५ ग्रॅमचा डबा, कॅप्सायसिन घटक १ ते २ टक्के, आणि वापरण्याची मुदत संपलेली नको. उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नका, फुटतो. सरावासाठी मिरची नसलेले डबे मिळतात, त्यातले दोन तरी अंगणात संपवा. मारताना किंचित खाली, अस्वलाच्या पुढ्यात ढग तयार होईल असा मारायचा.

मी एच-१बी वर आहे. पिस्तूल बाळगू शकतो का?

मराठी मंडळींसाठी हा खरा पहिला प्रश्न आहे, आणि बहुतेक जण तो कॅलिबरनंतर (गोळीच्या मापानंतर) विचारतात.

संघराज्याच्या कायद्यानुसार नॉन-इमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या, व्हिसावर असलेल्यांना बंदूक किंवा गोळ्या जवळ बाळगायला बंदी आहे. एच-१बी, एच-४, एफ-१, बी-२ सगळे त्यात आले. अपवाद आहेत, आणि आपल्या कामाचा अपवाद म्हणजे अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याने दिलेला वैध शिकार परवाना. तो खिशात असेल तर बंदी लागू होत नाही. पण परवान्याला मुदत असते. ती संपली आणि पिस्तूल घरच्या कपाटात तसंच पडून राहिलं, तर त्या दिवसापासून तुम्ही गुन्हा करताय. शिक्षा १५ वर्षांपर्यंत आहे, आणि बंदुकीच्या गुन्ह्यावरून देशाबाहेर काढलं जाऊ शकतं ते वेगळंच. मित्राचं पिस्तूल फक्त दोन दिवसांसाठी कमरेला लावणं हेही कायद्याच्या दृष्टीने बाळगणंच आहे.

ग्रीन कार्डवाल्यांना ही बंदी नाही. पण राज्याराज्यांत फरक आहे. उदाहरणार्थ, आयडाहोत परवान्याशिवाय कपड्याखाली लपवून पिस्तूल बाळगण्याची जी मुभा आहे, ती प्रामुख्याने अमेरिकन नागरिकांना आहे. ग्रीन कार्डवाल्याने ते उघडं, दिसेल असं लावावं.

धनुष्य आणि स्प्रे या दोन्हींना हा बंदुकीचा कायदा लागत नाही. व्हिसाच्या बाबतीत जरा जरी शंका असली तरी पिस्तूल घरी, स्प्रे दोन. इमिग्रेशनच्या वकिलाला एकदा विचारण्याचा खर्च एल्कच्या टॅगपेक्षा (एक एल्क मारण्याच्या परवान्यापेक्षा) कमीच येतो.

कोलोरॅडोत, मोंटानात गांजा कायदेशीर आहे. त्याचा काय संबंध?

राज्यात कायदेशीर असला तरी संघराज्याच्या कायद्यात तो अजून नियंत्रित पदार्थ आहे, आणि नियमित सेवन करणाऱ्याला बंदूक बाळगायला बंदी आहे. दुकानात पिस्तूल घेताना भराव्या लागणाऱ्या ४४७३ क्रमांकाच्या फॉर्मवर हा प्रश्न स्पष्ट असतो. तिथे खोटं लिहिणं हा आणखी एक गुन्हा.

धनुष्याच्या मोसमात पिस्तूल जवळ ठेवायला परवानगी असते का? घायाळ एल्कला त्याने संपवता येईल का?

मोंटानात स्वसंरक्षणासाठी जवळ ठेवता येतं. इतर राज्यांचे नियम सारखे नाहीत आणि बदलत राहतात, म्हणून पुस्तिका बघा.

एल्कला त्याने संपवायचं मात्र नाही. धनुष्याचा मोसम म्हणजे शिकार फक्त धनुष्याने. जनावर तडफडताना बघवत नाही हे खरं, पण तिथे दुसरा बाणच मारायचा. गेम वॉर्डनला, म्हणजे शिकारीच्या नियमांवर नजर ठेवणाऱ्या अधिकाऱ्याला, गोळीची जखम दिसली की शिकार जप्त, दंड, आणि पुढची काही वर्षं परवाना गेला असं समजा.

कोणतं कॅलिबर?

यावर रात्री जागवता येतात, मी दोन परिच्छेदांत आटोपतो. अस्वलाच्या बाबतीत गोळी रुंद पसरण्यापेक्षा खोल जाणं महत्त्वाचं, कारण मध्ये चरबी, जाड स्नायू आणि हाड आहे. म्हणून शहरात वापरतात ती पोकळ टोकाची गोळी नको. सपाट टोकाची, कठीण शिशाची घ्यावी. रिव्हॉल्व्हरमध्ये .४४ मॅग्नम हा जुना, सिद्ध पर्याय. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये १० मिमी. ग्लॉक २० मध्ये अशा १५ गोळ्या मावतात. ग्रीनलंडमध्ये ध्रुवीय अस्वलांच्या मुलखात कुत्र्यांच्या गाड्यांवरून गस्त घालणारं डेन्मार्कचं सिरियस पथक हेच पिस्तूल बाळगतं.

.४५४ कसूल किंवा .५०० अशी आणखी दांडगी कॅलिबरं घेऊन मिरवणारेही भेटतात. पहिल्या गोळीच्या धक्क्याने नळी आभाळाकडे जाते, दुसरी गोळी कुठे लागेल ते देवाला माहीत. जे पिस्तूल तुम्ही दोन सेकंदांत काढून तीन गोळ्या पानाएवढ्या वर्तुळात मारू शकता, ते तुमचं कॅलिबर. २०१६ मध्ये अलास्कात एका मुरलेल्या गाइडने अंगावर आलेलं तपकिरी अस्वल ९ मिमीने थांबवलं होतं. त्यावरून ९ मिमी पुरतं असा निष्कर्ष काढू नये. त्या माणसाचा हात किती बसलेला होता, ते त्यातून कळतं.

आणि आवाज. मॅग्नम रिव्हॉल्व्हरचा बार १६० डेसिबलच्या घरात जातो. रानात कानात बोळे नसतात. जीव वाचला तरी कान शिट्टी वाजवत राहतील.

बांधायचं कुठे?

इथे धनुर्धाऱ्याची अडचण रायफलवाल्यापेक्षा वेगळी आहे. कमरेला लावलं तर पाठपिशवीचा कमरपट्टा त्याच्यावर बसतो आणि मूठ पट्ट्याखाली दबते. पाठपिशवीच्या आत ठेवलं तर ते सामान झालं, हत्यार उरलं नाही. छातीवर तिरकं होल्स्टर लावलं तर तिथे आधीच दुर्बिणीचं खोगीर (दुर्बीण छातीशी धरून ठेवणारे पट्टे) असतं. शिवाय धनुष्य पूर्ण खेचून सोडताना दोरी छातीला घासून जाते. जाड जॅकेटची बाही दोरीला लागली तरी बाण भरकटतो, मग होल्स्टरची कड लागली तर विचारायलाच नको.

उजव्या हाताने दोरी खेचणाऱ्यासाठी बऱ्यापैकी जमणारी मांडणी अशी: दुर्बिणीच्या खोगिराच्या खाली, बरगड्यांच्या मध्यावर पिस्तूल, मूठ उजवीकडे. स्प्रे पाठपिशवीच्या कमरपट्ट्यावर, डाव्या हाताला लागेल असा. धनुष्य डाव्या हातात असतं, पण ते टाकून दिलं की तो हात मोकळा होतो. उजव्या मनगटावर रिलीजचा (दोरी पकडून सोडणाऱ्या साधनाचा) पट्टा बांधलेला असतो आणि त्याचा आकडा पंज्यापुढे लोंबतो. तो पिस्तुलाच्या घोड्याच्या कडीत अडकू शकतो. म्हणून आकडा मागे दुमडून मनगटाशी खोचायची सवय लावा, किंवा मुठीत धरायचं रिलीज वापरा, जे हात उघडला की खाली पडतं.

सगळं चढवून, जॅकेट आणि पाठपिशवीसकट, घरामागे वीसेक बाण मारा. उभं राहून, गुडघ्यावर बसून आणि उतारावर वाकून. जे नडायचं ते तिथेच नडेल.

महागडं धनुष्य टाकायला हात धजावत नाही, हाही एक प्रश्न आहे. जाणीवपूर्वक टाकण्याचा सराव करा. जुनं धनुष्य असेल तर तेच गवतावर टाका, हाताला सवय लागते.

चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या खणात, बाराला तयार) गोळी ठेवायची का?

सेमी-ऑटोमॅटिक असेल, घोडा पूर्ण झाकणारं कडक होल्स्टर असेल आणि पिस्तूल कसं वागतं हे तुम्हाला नीट ठाऊक असेल, तर हो. नसेल तर रिव्हॉल्व्हर घ्या. त्याला ओढणं, सरकवणं काही नाही, घोडा दाबला की बार. हातात आलेलं पिस्तूल एकहाती चालू करता आलं पाहिजे. दुसरा हात अस्वलाच्या तोंडात असू शकतो, हे लिहायला विचित्र वाटतं, पण झालेलं आहे.

बरोबरच्या प्रत्येकाला तुमचं पिस्तूल आणि स्प्रे चालवता आले पाहिजेत. सप्टेंबर २०१८ मध्ये वायोमिंगच्या टेटॉन विल्डरनेसमध्ये एका धनुर्धारी ग्राहकाने आदल्या दिवशी पाडलेला एल्क कापायला गाइड आणि तो गेले असताना ग्रिझ्ली मादीने हल्ला केला. स्प्रे गाइडच्या कमरेला होता, पिस्तूल काही अंतरावर सामानापाशी काढून ठेवलेलं होतं. ग्राहक पिस्तुलापर्यंत पोचला, पण त्यातून बार निघाला नाही. ग्राहक वाचला, गाइड गेला. एल्क कापताना घाम येतो, पट्टे काचतात, म्हणून माणूस सगळं उतरवून झाडापाशी ठेवतो. नेमकं तेव्हाच ते अंगावर हवं असतं.

सगळ्यात धोक्याची वेळ कोणती?

बाण सुटल्यानंतरची. बाण लागला की अर्धा तास ते कित्येक तास थांबून मग रक्ताचा माग काढायचा असतो. संध्याकाळी मारलेला एल्क पुष्कळदा सकाळीच सापडतो. तोवर वासावर कोणी आलं असेल तर ती शिकार आता त्याची आहे.

म्हणून आडोशाने जवळ जाऊ नका. वाऱ्याच्या बाजूने, मोठ्याने बोलत, उंचावरून दुर्बिणीतून आधी बघून जा. कावळे घिरट्या घालताहेत, मेलेल्या जनावरावर माती आणि फांद्या ओढलेल्या आहेत, पोटाचा भाग सरकलेला आहे, असं दिसलं तर मागे फिरा आणि त्या राज्याच्या वन्यजीव खात्याला कळवा. टॅग गेला, मांस गेलं, जाऊ दे.

शिकार तुमचीच असेल तर एक जण कापतो, दुसरा पाठीला पाठ लावून पहारा देतो. दुसऱ्याने मोबाईलवर फोटो काढत बसायचं नाही. आतड्यांचा ढीग आणि मांसाच्या पिशव्या एकाच जागी ठेवू नका. मांस ढिगापासून दूर, लांबून दिसेल अशा मोकळ्या जागी न्या. नर एल्क ३०० किलोंच्या पुढे भरतो, तो एका फेरीत निघत नाही. दुसऱ्या फेरीला येताना तुम्हाला ती जागा झाडीत शिरण्याआधीच नीट दिसली पाहिजे. ग्रिझ्लीच्या जंगलांत खाद्यपदार्थांचे नियम आहेत, टांगायचं असेल तर जमिनीपासून ३ मीटर उंच आणि खोडापासून १.२ मीटर दूर.

अस्वल समोर आलंच तर?

पळायचं नाही. स्प्रे हातात, झाकण काढलेलं. शांत आवाजात बोलत हळूहळू मागे सरकायचं. पुष्कळदा अस्वल धाव घेतं आणि काही पावलांवर थबकून वळतं. खोटी धाव कोणती आणि खरी कोणती हे आधी सांगता येत नाही, म्हणून ते आठ-दहा मीटरवर आलं की स्प्रे सोडायचा.

पिल्लांसाठी किंवा मांसासाठी चिडलेल्या ग्रिझ्लीने पाडलंच, तर पालथं पडून, मानेवर दोन्ही हात गुंफून, पाठपिशवी पाठीवर ठेवून निपचित राहायचं. काळं अस्वल किंवा पहाडी सिंह असेल तर उलट, जे हाताला लागेल त्याने लढायचं. रात्री तंबूत घुसलेलं कुठलंही अस्वल भक्ष्य शोधायला आलेलं असतं. तिथे मेल्याचं सोंग नाही.

ग्रिझ्ली मारावं लागलं तर पुढे काय?

स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवण्यासाठी मारणं कायद्याला मान्य आहे. पण ते पाच दिवसांच्या आत संघराज्याच्या वन्यजीव खात्याला कळवावं लागतं. प्रत्यक्षात त्याच दिवशी कळवा. जागेवरून काही हलवू नका, नखं-दात काढणं तर दूरच. तपास होतो, पावलांचे ठसे आणि गोळ्यांची टरफलं मोजली जातात. विनाकारण मारल्याचं सिद्ध झालं तर २५,००० डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद. लांब उभं असलेलं अस्वल भीती वाटली म्हणून मारलं, हे कारण चालत नाही.

अलास्कात नियम वेगळे. तिथे जीव वाचवण्यासाठी मारलेल्या अस्वलाची कातडी आणि कवटी काढून सरकारजमा करावी लागते, आणि पंधरा दिवसांत लेखी अहवाल द्यावा लागतो. कातडी काढणं तुमच्याकडे, मालकी सरकारकडे.

विमानातून कसं न्यायचं?

पिस्तूल रिकामं करून, कुलूपबंद कडक पेटीत, चेक-इन करताना जाहीर करून. गोळ्या वेगळ्या डब्यात, एअरलाइनच्या वजनमर्यादेत. बेअर स्प्रे मात्र ना हातातल्या सामानात चालतो ना चेक-इनच्या. उतरल्यावर तिथे विकत घ्या किंवा भाड्याने घ्या. परतताना उरलेला डबा कोणा ट्रेकरला देऊन टाका.

कॅनडात किंवा अलास्कात जायचं असेल तर?

कॅनडात पिस्तूल विसरा. रानात पिस्तूल बाळगण्याचा परवाना मुख्यतः तिथे काम करणाऱ्यांना, म्हणजे सापळे लावून जनावरं धरणारे वगैरेंना मिळतो, आणि ऑक्टोबर २०२२ पासून पिस्तुलांची खरेदी-विक्रीच गोठवलेली आहे. ब्रिटिश कोलंबियातला धनुर्धारी स्प्रे किंवा लांब बंदूक बाळगतो.

अलास्कात पिस्तूल चालतं, पण भारतातून पाहुणा म्हणून येऊन शिकार करू पाहणाऱ्याला कुठल्याही मोठ्या जनावरासाठी परवानाधारक गाइड सक्तीचा आहे. हे लाखोंचं प्रकरण आहे, आणि लाख रुपयांत मोजताय तर बरेच लाख.

यलोस्टोनमधून जाताना पिस्तूल गाडीत असलं तर चालतं?

२०१० पासून राष्ट्रीय उद्यानांत त्या राज्याच्या कायद्याप्रमाणे बंदूक जवळ ठेवता येते. पण पार्कात शिकार नाही, गोळी चालवायला बंदी आहे, आणि व्हिजिटर सेंटरसारख्या सरकारी इमारतींत ती नेता येत नाही.

हे सगळं भारतात करता येईल का?

नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार बंद आहे, धनुष्याने असो की बंदुकीने. परवान्याचं पिस्तूल असलं तरी अभयारण्यात ते घेऊन शिरायला मुख्य वन्यजीव रक्षकांची लेखी परवानगी लागते. मेळघाटात किंवा चंद्रपूरकडे मोहाच्या दिवसांत अस्वलाशी गाठ पडणाऱ्या माणसाच्या हातात काठीपलीकडे काही नसतं.

धनुष्याची हौस मात्र इथेच उत्तम भागते. २०२३ साली बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत कंपाउंड प्रकारात साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे दोघंही विश्वविजेते झाले, ओजसने तर अंतिम फेरीत १५० पैकी १५० घेतले. कंपाउंड धनुष्य म्हणजे एल्कच्या शिकारीत सर्रास वापरतात तोच प्रकार.